नायड, हूर आणि आसरा

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजात शिकणारी आमची पुतणी इंग्रजी कवितांचे पुस्तक घेऊन आमच्यापुढे येऊन बसली. "चाचा, नायड म्हणजे काय?" तिने विचारले. तिच्या शब्दकोशात 'जलपरी' एवढाच अर्थ दिला होता, आणि कवितेत तो काही केल्या बसत नव्हता. कवितेत डोंगरातला झरा होता. हिच्या डोळ्यांपुढे समुद्रातली, माशाची शेपटी असलेली बाई येत होती.

आम्ही तिला म्हणालो, "उद्या सांगतो." प्रश्न साधा होता. पण वहीत 'जलपरी' हा शब्द लिहिला आणि आम्हीच थांबलो. यातले 'जल' संस्कृतातले, 'परी' फारसीतली. एका ग्रीक शब्दाला मराठीत आणताना कुणीतरी इराणची मदत घेतली होती, आणि रोज तो शब्द वापरणाऱ्या आपल्याला त्याची खबरही नव्हती. पुतणीला द्यायचे उत्तर दोन ओळींचे होते. आमचे मात्र पुढचे दोन महिने या एका शब्दाच्या मागे गेले. त्या भटकंतीत जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

मुळापासून सुरुवात करू. ग्रीक भाषेत 'वाहणे' या अर्थाचे एक जुने क्रियापद आहे, त्यापासून 'नाइआस' हा शब्द आला. तिचे अनेकवचन 'नाइआदेस', आणि इंग्रजीच्या वाटेने आपल्यापर्यंत पोहोचले ते 'नायड'. म्हणजे शब्दशः पाहिले तर नायड ही 'वाहणारी'. ग्रीकांनी निसर्गातील तरुण देवतांना 'निम्फे' हे एकच सर्वसाधारण नाव दिले आणि मग ठिकाणाप्रमाणे त्यांच्या जाती केल्या. झाडांच्या त्या ड्रायड, डोंगरांच्या ओरिआड, समुद्राच्या नेरीड, आणि गोड्या पाण्याच्या त्या नायड. नायडांमध्येही पुन्हा झऱ्याच्या वेगळ्या, नदीच्या वेगळ्या, तळ्याच्या वेगळ्या. खारे पाणी त्यांचे नव्हे. पुतणीच्या शब्दकोशाची चूक इथेच होती.

नायड ही आकाशातून साऱ्या जगावर राज्य करणारी देवी नव्हती. ती एका झऱ्याची असे. त्या झऱ्याचे जे नाव तेच बहुधा तिचे नाव, आणि त्या गावापलीकडे तिला कुणी फारसे ओळखत नसे. होमरच्या 'इलियड'मध्ये ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या काही योद्ध्यांच्या आया नायड आहेत. सात्निओएइस नावाच्या नदीकाठी गुरे राखणाऱ्याला एका नायडपासून मुलगा झाला, त्याचे नाव सात्निओस. तो रणात पडतो तेव्हा कवी त्याची ही हकीकत सांगतो. आपल्याकडे मेलेल्या माणसाबद्दल 'अमुक नदीकाठचा' असे म्हणतात, तसेच हे. नायड म्हणजे माणसाचा पत्ता. आणि त्या अमरही नव्हत्या. हेसिअडच्या नावावर सांगितला जाणारा एक हिशोब प्लुटार्कने नोंदवला आहे. त्यात निम्फांचे आयुष्य माणसाच्या कित्येक पट मोठे आहे, पण ते मोजता येणारे आहे, म्हणजे संपणारे आहे.

होमरच्याच 'ओडिसी'त नायडांची एक गुहा आहे. वीस वर्षांनी आपल्या इथाका बेटावर उतरलेला ओडिसियस तिथे येतो. गुहेत दगडी रांजण आहेत, त्यांत मधमाश्यांनी पोळी केली आहेत. दगडी मागांवर नायड जांभळे वस्त्र विणतात. आत न आटणारे पाणी आहे. गुहेला दोन दारे आहेत, उत्तरेचे माणसांसाठी, दक्षिणेचे देवांसाठी. या मोजक्या ओळींवर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात एका तत्त्ववेत्त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे नाव पोर्फिरी. तो म्हणतो की ही गुहा म्हणजे हे जग, आणि नायड म्हणजे पाण्याच्या ओढीने जन्माला येणारे जीव.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी मदरशात दर्स-ए-निजामी पाहिला असेल, त्यांना हा पोर्फिरी अनोळखी वाटायला नको. अरबीत त्याला 'फुरफूरियूस' म्हणतात. तर्कशास्त्राची प्रवेशिका म्हणून त्याने लिहिलेले 'ईसागोजी' बगदादच्या अनुवादयुगात अरबीत आले, आणि पुढे तेराव्या शतकात असीरुद्दीन अबहरी यांनी त्याच नावाची जी पुस्तिका रचली, ती आपल्याकडच्या मदरशांत मंतिकच्या पहिल्या पुस्तकांपैकी एक म्हणून शिकवली जात आली. नायडांवर चिंतन करणारा आणि आपल्या मौलवींना तर्क शिकवणारा, दोन्ही माणसे एकच.

आता 'निम्फे' या शब्दाकडे वळू. त्याचा पहिला, रोजच्या बोलण्यातला अर्थ आहे 'नवरी'. लग्नाला आलेली किंवा नुकतीच लग्न झालेली मुलगी. पाण्याच्या देवतेला नवरीचे नाव का मिळाले असेल? एक धागा अथेन्समध्ये सापडतो. तिथे लग्नाआधी नवरीला न्हाऊ घालायचे पाणी ठरावीक झऱ्यावरून आणण्याची चाल होती. इतिहासकार थुसिडिडीस इ. स. पूर्व पाचव्या शतकात सांगतो की आपल्या काळीही कालिरोए नावाच्या झऱ्याचे पाणी लग्नाआधीच्या विधींसाठी वापरतात. त्या पाण्यासाठी उंच मानेचे खास घडे असत. अक्रॉपोलिसच्या दक्षिण उतारावर 'निम्फे'चे एक स्थान होते, तिथल्या उत्खननात असे घडे मोठ्या संख्येने सापडले. आपल्याकडे हळदीच्या अंघोळीचे पाणी कुठल्या विहिरीचे आणायचे यावर घरातल्या बायांचा जो खल चालतो, तो ऐकलेल्याला हे फार दूरचे वाटणार नाही.

गंमत अशी की अरबी भाषेनेही पाण्यातल्या स्त्रीला नवरीच म्हटले. अरबीत समुद्रातल्या जलपरीला 'अरूस-उल-बहर' म्हणतात. अरूस म्हणजे नवरी. हजला जाणारे आपले लोक जिथे उतरतात त्या जेद्दाह शहराला 'लाल समुद्राची नवरी' असे लाडाचे नाव आहे. आणि नाईल नदीच्या नवरीची कथा तर प्रसिद्धच आहे. नवव्या शतकातील मिसरचे इतिहासकार इब्न अब्दुल हकम (मृत्यू ८७१) यांनी ती नोंदवली आहे. मिसर जिंकल्यावर हजरत अम्र बिन आस (रजि.) यांच्याकडे तिथले लोक आले आणि म्हणाले, दरवर्षी आम्ही एका कुमारिकेला नटवून नाईलमध्ये सोडतो, त्याशिवाय नदीला पूर येत नाही. अम्र यांनी या प्रथेला मनाई केली. पूर लांबला. लोक गाव सोडण्याच्या बेतात आले. तेव्हा खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी नदीच्या नावे एक चिठ्ठी पाठवली. तू आपल्या मर्जीने वाहत असशील तर वाहू नकोस, अल्लाहच्या हुकमाने वाहत असशील तर त्याच्याकडे आमचे मागणे आहे, अशा आशयाची. चिठ्ठी पाण्यात टाकली आणि नदी चढली.

इतिहास म्हणून पाहिले तर या कथेला धरून चालता येत नाही. ती घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहिली गेली, आणि त्यापूर्वी कित्येक पिढ्या मिसरचा मोठा भाग ख्रिस्ती होता. तिथे दरसाल उघड नरबळी चालत असेल असे अभ्यासकांना वाटत नाही. तरी कथा टिकली, कारण तिच्यात एक निवाडा आहे. पाण्याला नवरी नको, पाण्याच्या नावाने कुणाची मुलगी जाता कामा नये. आणि गंमत पाहा, नवरी तरीही राहिलीच. १८३० च्या दशकात कैरोत राहिलेला इंग्रज लेखक एडवर्ड लेन सांगतो की पुराच्या वेळी कालव्याच्या बांधापुढे मातीचा एक निमुळता ढीग उभारत, त्याला 'अरूसा' म्हणत. त्याच्या माथ्यावर थोडे धान्य पेरत. पाणी चढले की ही मातीची नवरी विरघळून जाई. मुलीची माती झाली, शब्द मात्र तोच राहिला. माणसांनी आपल्या चालीरीती सुधाराव्यात त्या अशा, असे आम्हाला ही नोंद वाचताना वाटून गेले.

नायडांची दुसरी बाजू भीतीची. सोन्याचे लोकर आणायला निघालेल्या अर्गोनॉट वीरांबरोबर हिलास नावाचा एक देखणा पोरगा होता. किओस या ठिकाणी तो झऱ्यावर पाणी भरायला गेला. पाण्यातल्या निम्फांनी त्याला पाहिले, हात धरला आणि आत ओढले. हर्क्युलीस रानभर त्याला हाका मारत राहिला. भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की त्याच्या काळीही तिथले लोक वर्षातून एकदा हिलासला शोधायचा उत्सव करीत, डोंगरात फिरत त्याचे नाव घेऊन हाका मारत. हे किओस म्हणजे आज तुर्कस्तानातील बुर्सा प्रांताचे गेमलिक, काळ्या ऑलिव्हसाठी नावाजलेले गाव. हिलासचे चित्र इंग्रज चित्रकार वॉटरहाऊसने १८९६ मध्ये काढले. कमळांच्या तळ्यातून सात गोऱ्या मुली त्या पोराकडे पाहत आहेत. मँचेस्टरच्या कलादालनाने जानेवारी २०१८ मध्ये ते आठवडाभर भिंतीवरून उतरवले होते. बाईला केवळ भुरळ घालणारी म्हणूनच किती दिवस रंगवायचे, यावर चर्चा व्हावी हा हेतू सांगितला गेला. बराच गदारोळ झाला आणि चित्र परत लागले.

पण पाण्याची भूल पडणे हे ग्रीकांना कायम वाईटच वाटे असे नाही. अथेन्सजवळ वारी या गावी एक गुहा आहे. इ. स. पूर्व पाचव्या शतकात थेरा बेटावरून आलेल्या आर्खेदामोस नावाच्या माणसाने ती निम्फांसाठी सजवली, बाग लावली आणि दगडावर स्वतःची ओळख कोरली : निम्फेने पछाडलेला. हा शब्द त्याने अभिमानाने वापरला आहे. रोमन लोकांनी हीच कल्पना आपल्या भाषेत आणताना 'लिम्फा' हा पाण्यासाठीचा शब्द वापरला. त्याच्या घडणीवर 'निम्फे'ची छाया आहे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. पछाडलेल्या, वेड्या माणसाला ते त्याच शब्दावरून 'लिम्फॅटिकस' म्हणत. पुढे शरीरातील स्वच्छ द्रवाला वैद्यांनी 'लिम्फ' म्हटले. आज रक्ततपासणीच्या कागदावर 'लिम्फोसाइट' असे लिहिलेले असते आणि आपण पुढचा आकडा तेवढा पाहतो. त्या शब्दात ग्रीक झऱ्यावरची ती मुलगी पुसटशी उभी आहे.

इथपर्यंत आल्यावर आम्हाला आमची दादी आठवली. आमचे गाव कोकणातले. घरामागे जांभ्यात खणलेली बाव होती. दादी सांगायची, "पोरा, बारा वाजता बावीवर जाऊ नकोस." का, असे विचारले तर ती उत्तर देत नसे. शेजारच्या घरातल्या काकू मात्र उघड सांगत : तिथे आसरा आहेत. बावीच्या अंगाला शेंदूर फासलेले सात दगड होते. काकू त्यांना हळदकुंकू वाहत. कुणी पोर तापाने बडबडू लागले की त्यांच्या घरी 'आसरा लागल्या' म्हणत आणि आमच्या घरी 'परी का साया'. ताप एकच, बाव एकच.

साती आसरा हे महाराष्ट्राच्या पाणवठ्यांवरचे जुने दैवत. 'आसरा' हा 'अप्सरा' शब्दाचाच लोकांच्या तोंडी झालेला अवतार, आणि अप्सरेतला 'अप्' म्हणजे पाणी. अप्सरा म्हणजे पाण्यात वावरणारी. पुढे पुराणांनी तिला इंद्राच्या दरबारात नाचायला नेले. खेड्यातल्या बायांनी मात्र तिला विहिरीच्या काठी ठेवले. म्हणजे नायड या शब्दाला मराठीत चांगला, घरचा शब्द होता. गोड्या पाण्याची, एका विहिरीशी बांधलेली, तरुण, थोडी भीतिदायक. शब्दकोशकाराला तो सुचला नाही, त्याने परी आणली.

परीचीही कथा ऐकण्यासारखी आहे. अवेस्तात 'पइरिका' ही भुलवणारी दुष्ट चेटकीण आहे, धर्मनिष्ठाने तिच्यापासून दूर राहावे असे सांगितले आहे. हीच पुढे फारसी काव्यात सौंदर्याची उपमा झाली, उर्दूत आली, दखनीत आली, आणि मराठीत लहान मुलींच्या गोष्टींत पंख लावून बसली. ग्रीसमध्ये याच्या उलट झाले. ख्रिस्ती धर्म आल्यावर नायड हा शब्द लोकांच्या बोलण्यातून गेला. समुद्राच्या नेरीडचे नाव मात्र 'नेराइदा' या रूपात टिकले. आधुनिक ग्रीक खेडुताची नेराइदा झऱ्यावर, विहिरीवर, नदीच्या वळणावर भेटते, दुपारी एकट्याने गेलेल्याला धरते. म्हणजे समुद्रकन्येने येऊन नायडची जागा घेतली. नाव बदलले, पाणी आणि दुपार तीच.

आता अरबांकडे जाऊ, कारण आमच्या या शोधातली सर्वांत आवडलेली गोष्ट तिथे आहे. रोमन काळात शहराच्या मुख्य रस्त्यावर निम्फांच्या नावाने भव्य कारंजी बांधत, त्यांना 'निम्फिअम' म्हणत. जॉर्डनमधील जरश येथे इ. स. १९१ मध्ये बांधलेले असे एक दुमजली कारंजे अजून उभे आहे. कोरलेल्या सिंहमुखांतून पाणी खाली पडे. राजधानी अम्मानमध्येही दुसरे आहे. या वास्तूंना अरबीत आज काय म्हणतात? 'सबील-उल-हूरियात'. हूरींची सबील!

सबील हा शब्द आमच्या वाचकांना सांगायला नको. मोहरमच्या दिवसांत रस्त्यावर थंड पाण्याचे, सरबताचे जे मांडव लागतात त्या सबिली. मूळ अर्थ वाट. अल्लाहच्या वाटेत, म्हणजे मोबदला न मागता, येणाऱ्याजाणाऱ्याला पाजलेले पाणी. मराठीत पाणपोई. कैरोत जुन्या सबिलींच्या वरच्या मजल्यावर मुलांचा मक्तब असे. अब्दुर्रहमान कतखुदा यांची १७४४ ची सबील पाहिली तर खाली पाणी आणि वर शाळा अशी ती रचना आहे. आणि हूर? हा शब्द डोळ्यावरून आला आहे. ज्या डोळ्यातले पांढरे लखलखीत पांढरे आणि काळे गडद काळे, अशा डोळ्यांची ती हूर. अरबीत डोळ्याला 'ऐन' म्हणतात आणि झऱ्यालाही 'ऐन'च म्हणतात. फारसीत चश्म म्हणजे डोळा आणि चश्मा म्हणजे झरा. आपण मराठीत नाकावर चष्मा लावतो, तो याच घराण्यातला. जमिनीला फुटलेला डोळा म्हणजे झरा, ही वाळवंटाच्या शेजारी राहणाऱ्यांची दृष्टी.

निम्फिअमचे भाषांतर करताना ज्याने कुणी 'सबील-उल-हूरियात' म्हटले, त्याच्यापुढे अडचण होती. निम्फेला देवता म्हणता येत नव्हते. नाव टाकून देऊन नुसते 'कारंजे' म्हणता आले असते. त्याने तसे केले नाही. सौंदर्यासाठी आपल्या घरातला सर्वांत सुंदर शब्द दिला, आणि पूजेच्या जागी तहानलेल्याला पाणी पाजण्याचा शब्द ठेवला. एकेकाळी तिथे निम्फांना नवस बोलले जात असतील. नव्या नावाने त्यातला फक्त उपकार राखला.

असेच दुसरे नाव अंताकियाजवळच्या दाफ्नेचे. अपोलोपासून पळताना लॉरेलचे झाड झालेली दाफ्ने ही नदीची मुलगी, म्हणजे नायडच. तिच्या नावाचे हे उपनगर झऱ्यांसाठी आणि धबधब्यांसाठी प्रसिद्ध होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथांत त्या जागेचे नाव 'बैतुल-मा' असे दिलेले आढळते : पाण्याचे घर. आज ते तुर्कस्तानच्या हाताय प्रांतातील हर्बिये. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपाने अंताकिया शहर उद्ध्वस्त केले, त्या बातम्या वाचताना यातले काहीच आम्हाला माहीत नव्हते.

वनस्पतींचेही एक उदाहरण देतो. तळ्यातल्या कुमुदिनीला ग्रीक वैद्य 'निम्फाइआ' म्हणत. रोमन लेखक प्लिनी सांगतो की हर्क्युलीसच्या मत्सराने मेलेल्या एका निम्फेपासून ती उगवली. डायोस्कोरिडीसच्या औषधीग्रंथाचे नवव्या शतकात बगदादमध्ये अरबी भाषांतर झाले, हुनैन बिन इसहाक यांनी ते तपासले. अरबी वैद्यकात या फुलाला नाव मिळाले 'नीलूफर', आणि ते संस्कृत 'नीलोत्पल'वरून फारसीच्या वाटेने आलेले. आपल्या हकिमांचे सरबत-ए-नीलोफर ते हेच, थंड प्रकृतीचे. ज्या वैद्यकाला आपण 'युनानी', म्हणजे ग्रीक, म्हणतो, त्यात ग्रीक नाव गेले आणि हिंदुस्थानी नाव बसले. कोण कोणाचे, हे ठरवायला बसावे तर सरबत गरम होऊन जाईल.

देवता म्हणून निवृत्त झाल्यावर नायड युरोपच्या विद्वानांच्या हाती लागली. लिनियसने १७५३ मध्ये पाण्याखाली वाढणाऱ्या एका वनस्पतीला 'नाजास' हे नाव दिले. फुलण्यापासून परागीभवनापर्यंत तिचा सारा संसार पाण्यातच होतो. भाताच्या खाचरांत आणि तळ्यांत तिच्या जाती आपल्याकडेही सापडतात. लामार्कने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नदीतल्या शिंपल्यांना नायड म्हटले, आणि उत्तर अमेरिकेत अजूनही म्हणतात. तिथे त्यांच्या सुमारे ३०० जाती आहेत. धरणे, गाळ आणि कारखान्यांचे पाणी यांमुळे त्यांतल्या बहुतेक संकटात आहेत, काही कायमच्या गेल्या. ब्रिटिश आरमाराने आपल्या जहाजांना हे नाव दिले. एक नायड १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईला हजर होती. दुसरी, क्रूझर नायड, ११ मार्च १९४२ रोजी जर्मन पाणबुडीने भूमध्य समुद्रात बुडवली. गोड्या पाण्याची मुलगी खाऱ्या पाण्यात गेली. आणि १९८९ मध्ये व्हॉयेजर २ या यानाला नेपच्यूनभोवती एक छोटा उपग्रह दिसला, लांबीने शंभर किलोमीटरच्याही आतला. समुद्रदेवाच्या दरबारात शोभेल म्हणून त्याचे नाव नायड ठेवले. तो सुमारे सात तासांत ग्रहाभोवती एक फेरी मारतो.

पण या साऱ्यांत शब्दाला जागून राहिला तो कीटकशास्त्रातला उपयोग. ॲरिस्टॉटलने मधमाशीच्या कोशातल्या पिल्लाला 'निम्फे' म्हटले होते. झाकून घेतलेल्या नवरीचा शब्द तिथे किती चपखल बसतो! पुढे अर्धवट रूपांतर होणाऱ्या कीटकांच्या पिल्लांना 'निम्फ' म्हणू लागले आणि त्यांतल्या पाण्यात वाढणाऱ्यांसाठी अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ कॉमस्टॉक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत 'नायड' हा शब्द रूढ केला. पावसानंतर माळावर घिरट्या घालणारा आपला चतुर पंख फुटण्यापूर्वी पाण्याच्या तळाशी नायड म्हणून जगतो. कल्ल्यांनी श्वास घेतो, डासांच्या अळ्या खातो. दिवस भरले की रात्रीच्या वेळी एखाद्या काडीवर चढतो, पाठ उकलते आणि नायड संपून चतुर उडतो. मागे काडीला चिकटलेले रिकामे टरफल राहते.

यांतल्या काही नायड, विशेषतः एका दिवसाच्या माशीच्या आणि दगडमाशीच्या, घाण पाणी सोसू शकत नाहीत. म्हणून नदी किती शुद्ध आहे हे ठरवताना शास्त्रज्ञ तळाचे दगड उलटून त्यांची मोजणी करतात. नायड असली तर पाणी जिवंत, नसली तर काहीतरी बिघडले आहे. ग्रीक गुराखी आपल्या झऱ्याबद्दल याहून वेगळे काय म्हणत असेल? प्रयोगशाळेतून फिरून शब्द पुन्हा झऱ्यावर आला.

आता जे सांगायचे म्हणून हा लेख लिहिला ते सांगतो. मराठीत लिहिणाऱ्या आमच्यासारख्या मुसलमानाला दोन बाजूंनी विचारणा होत असते. एकीकडून विचारतात, हूर, परी, सबील हे परके शब्द मराठीत कशाला? दुसरीकडून विचारतात, आसरा हा शब्द मुसलमानाच्या लेखणीला कशाला? दोघांचीही आम्हाला काळजी वाटते. पहिल्यांनी 'परी' काढून टाकली तर त्यांच्या मुलींच्या गोष्टी मुक्या होतील, आणि नाकावरचा चष्माही काढावा लागेल. दुसऱ्यांना एवढेच सांगायचे की शब्द उच्चारणे म्हणजे पूजा करणे नव्हे. आमच्या दादीने आसरांना कधी हात जोडले नाहीत. ती पोहरा सोडताना बिस्मिल्ला म्हणायची. पण तिने बावीत कधी थुंकू दिले नाही, साबणाचे पाणी काठावर सांडू दिले नाही, आणि शेजारच्या काकूंच्या सात दगडांना आम्हा पोरांचा पाय लागू दिला नाही. काकूंनी आमचा पोहरा कधी बाजूला सारला नाही. दोघींची भाषा वेगळी, श्रद्धा वेगळी. पाण्याचा अदब एकच होता.

मागच्या वर्षी गावी गेलो होतो. नळ आल्यापासून बाव वापरात नाही. तिच्यात प्लास्टिकच्या पिशव्या, फुटकी बादली, निर्माल्य, कुणाच्या घराच्या दुरुस्तीतला चुना असे सगळे पडले आहे. सात दगडांतले चार दिसले. आता दुपारी बाराला तिथे जायला कुणी भीत नाही, आणि पाणी कुणी पीत नाही. भीती गेली याचे आम्हाला दुःख नाही. ती जाताना आपल्याबरोबर अदबही घेऊन गेली, याचे आहे.

पुतणीला आम्ही उत्तर दिले ते असे : नायड म्हणजे पाण्याची आसरा. तिने आसरा म्हणजे काय, असे विचारले. मग तिला बाव दाखवायला घेऊन गेलो. काठावर वाकून तिने बराच वेळ आत पाहिले आणि म्हणाली, "चाचा, साफ करता येईल का हो?"

या पावसाळ्यापूर्वी शेजारच्या काकूंचा नातू आणि ती मिळून गाळ काढायला माणसे लावणार आहेत. खर्च दोन्ही घरांनी वाटून घ्यायचा ठरला आहे.